सात नंबरच्या कपाटाचा वाचक

परवा सात नंबरच्या कपाटातलं एक पुस्तक काढून उघडलं, तर टेबलावर चिमूटभर कोंडा सांडला आणि त्यामागून एक चिठ्ठी घसरून पडली. वाचनालयात तीस वर्षं काढलेल्या बाईला पुस्तकातून काय पडेल याचं नवल उरत नाही. एसटीची तिकिटं, लग्नातल्या अक्षता, पिंपळाची पानं, एकदा तर अर्धी पोळी, हे सगळं मी पाहिलेलं आहे. पण कोंडा म्हटला की तो एकाच माणसाचा. एरवी मी पुस्तक फडक्याने झटकून वाचकाच्या नावाने चार शब्द पुटपुटले असते. परवा मात्र तो कोंडा मी तळहातावर गोळा केला.

बाळारामदादांची भातगिरण कशेळ्याच्या अलीकडे, रस्त्याला लागूनच होती. आसपासच्या गावांतून आणि डोंगराखालच्या वाड्यांवरून लोक तिथे भात भरडायला आणायचे. भरडून होईपर्यंत बायका बाकड्यावर बसून राहायच्या. गिरणीला बुधवारी सुट्टी. त्या दिवशी दादा जीपने कर्जतला यायचे ते थेट आमच्या वाचनालयात. अंगात पांढरा सदरा, खाली पायजमा, चष्म्याला पोती शिवायची सुतळी बांधलेली आणि काखेत जुन्या साडीची पिशवी. पिशवीत दोन पुस्तकं, दोनच, कारण नियमाप्रमाणे एका सभासदाला दोनच मिळतात आणि दादांनी तिसरं कधी मागितलं नाही.

आमची पहिली भेट भांडणातच झाली. त्यांनी परत केलेलं पुस्तक मी उघडलं आणि माझी नवी कोरी नोंदवही कोंड्याने भरली. मी म्हटलं, पुस्तक वाचता की दळता? त्यांनी सरळ कबूल केलं की दोन्ही एकदम करतो. पुढच्या बुधवारी ती साडीची पिशवी आली. त्याच्या पुढच्या बुधवारी कळलं की पुस्तक उघडायच्या आधी ते हात धुतात, पुसतात आणि मगच पान उलटतात. तरी कोंडा यायचाच. गिरणीच्या हवेतच तो असतो, त्याला हात धुवून काय होणार? शेवटी मीच हरले आणि त्यांच्या पुस्तकांसाठी वेगळं फडकं ठेवलं.

दुसरं भांडण आवाजावरून. त्यांनी कपाटापुढे उभ्याउभ्याच एक पुस्तक उघडलं आणि पहिलं वाक्य खणखणीत आवाजात वाचलं. वर्तमानपत्रं वाचत बसलेले चारही म्हातारे दचकले. मी भिंतीवरच्या ‘शांतता राखा’ या पाटीकडे बोट दाखवलं. ते ओशाळले. म्हणाले, गिरणीत मोठ्यानं वाचल्याशिवाय आपलं आपल्यालाच ऐकू येत नाही, म्हणून मनात वाचायची सवयच मोडली. त्यानंतर वाचनालयात ते ओठ घट्ट मिटून पुस्तक चाळायचे, लहान मुलाने औषध तोंडात धरून ठेवावं तसे.

त्यांची निवड मात्र मला कोड्यात टाकायची. आमच्याकडे सात कपाटं. एक ते सहा विषयवार लावलेली आणि सातवं उरल्यासुरल्यांचं. देणगीत आलेली, कुणीच न नेलेली, नाव वाचूनच माणूस पुढे सरकेल अशी पुस्तकं त्यात जाऊन पडायची. दादा नव्या पुस्तकांच्या मांडणीकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. सरळ सातव्या कपाटाशी जायचे, पुस्तकाचं शेवटचं पान उघडायचे आणि तिथे चिकटवलेल्या कागदावर तारखेचा एकही शिक्का नसेल तरच ते पुस्तक घ्यायचे. एकदा मी विचारलंच.

“नवीन पुस्तकाला सगळा तालुका हाय, बाई,” ते म्हणाले. “पन ह्याच्यासाठी कोन हाय? एवढं बसून कोनीतरी लिवलंय. एकानं तरी वाचाया पायजे.”

मी पुस्तकांत आयुष्य घालवलेली बाई, पण असा विचार माझ्या डोक्यात कधी आला नव्हता. त्या दिवशी मला त्यांचा थोडा रागच आला, हेही सांगून टाकते.

पुस्तकाचं नाव त्यांच्या लक्षात राहायचं नाही, लेखकाचं तर नाहीच. लेखक काय आपल्याकडे जेवायला येणार आहे का, असं त्यांचं म्हणणं. गावात माणसाला ओळखतात तसं ते पुस्तकाला ओळखायचे. ‘त्या रुसक्या जावयाचं’, ‘मिठागराचं’, ‘मास्तर सारखा रडतो ते’. कुणा निवृत्त मोजणीदाराने विहिरींवर लिहिलेलं एक रुक्ष पुस्तक होतं. ते मात्र शिक्का असूनही त्यांनी तीनदा नेलं. त्याचं नाव ‘पानी लागलं नाय ते’, कारण त्यातल्या सर्वांत खोल विहिरीला शेवटपर्यंत पाणी लागत नाही. ते सांगताना दादांचा चेहरा असा व्हायचा की विहीर त्यांच्याच परसात खणलेली असावी. हळूहळू मीही ती नावं वापरायला लागले. एका नव्या सभासदाला मी चुकून ‘रुसका जावई देऊ का’ असं विचारलं, तेव्हा तो बिचारा दारापर्यंत मागे सरकला होता.

नियम त्यांना माझ्याइतकाच प्रिय. पुस्तकात पेन्सिलीचा ठिपका नाही, पान दुमडणं नाही. खूण म्हणून पेंढ्याची एक काडी. पण मनातलं बोलल्याशिवायही राहवायचं नाही, म्हणून ते पुस्तकात चिठ्ठी ठेवायचे. वर लिहायचे ‘पुढच्याला’ आणि खाली दोन-तीन ओळी, बोलायचे तशाच भाषेत. एका कादंबरीतली चिठ्ठी मला पाठ आहे : ‘पुढच्याला : पहिली चाळीस पानं कंटाळा येतो. सोडू नका. एकेचाळीसाव्या पानावर बाई येते.’ मी ती कादंबरी घरी नेली. चाळीस पानं कंटाळा आला आणि एकेचाळीसाव्या पानावर खरोखरच बाई आली, आणि मी तिच्या नादात भात करपवला.

दुसऱ्या एका पुस्तकात लेखकाने भाद्रपदात भाताची लावणी करून ठेवली होती. दादा त्या दिवशी पुस्तक टेबलावर ठेवताना अक्षरशः दुखावलेले होते. माणूस शहाणा आहे, पण याला कुणी शेतावर नेलेलं नाही, असं म्हणाले. आतली चिठ्ठी अशी : ‘पुढच्याला : पान त्र्यांशीवर लावनी चुकलीय. भाद्रपदात भात पोटरीला येतं. बाकी मानूस खरं बोलतो.’

मी त्यांची गिरण पाहिली ती कशेळ्याला एका लग्नाला जाताना. जीप बिघडली ती बरोबर गिरणीसमोर. आत शिरले तर कानठळ्या बसवणारा आवाज, पट्टा फिरतोय, वरच्या पेटीतून भात खाली जातंय, बाजूला तुसाचा ढीग आणि त्या सगळ्याच्या मधोमध एका उंच लाकडी तिवईवर पुस्तक ठेवून दादा उभे. घशाच्या शिरा ताणून वाचत होते. बाकड्यावर सात-आठ बायका पदर डोक्यावर घेऊन ऐकत होत्या. कुणाचं भात संपत आलं की गिरणीचा आवाज जरा पातळ होतो म्हणे. दादा पुस्तकावरून नजर न काढता हात वर करायचे, त्यांचा मुलगा पुढचं पोतं ओतायचा आणि वाक्य मध्ये कुठेही तुटायचं नाही.

तेवढ्यात वीज गेली. गिरण एकदम गप्प झाली, पण दादांचा आवाज तेवढ्याच जोरात पुढे गेला : “तुझ्याबिगर मला जराबी चैन पडत नाय!” शांततेत ते वाक्य पार रस्त्यापलीकडे पोचलं असेल. समोर सत्तरी ओलांडलेल्या हिराआजी बसल्या होत्या. त्यांनी पदर सारखा केला आणि गंभीरपणे विचारलं, “मंग इतकी वर्षं बोलला का नायस, बाळाराम?” बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. दादाही हसले आणि चष्मा पुसायला लागले.

मी मात्र दुसऱ्याच गोष्टीवर अडकले होते. ते पुस्तक माझ्या ओळखीचं होतं. त्यातला नायक पुण्याकडचा, वकील, शुद्ध बोलणारा. ‘चैन पडत नाय’ असं तो म्हणूच शकत नाही. म्हणजे छापलेलं एक होतं आणि दादा वाचत होते भलतंच. वीज येईपर्यंत मी त्यांच्याशी या विषयावर वाद घातला. लेखकाने लिहिलं तेच वाचलं पाहिजे, असं माझं म्हणणं. दादांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, छापताना सगळी माणसं इस्त्रीचे कपडे घालून उभी राहतात, आपण त्यांना घरी आणलं की ती रोजच्या कपड्यांत येतात, माणसं तीच. मग मी शेवटचं अस्त्र काढलं. म्हटलं, पण या बायका कुठे वाचतायत, या नुसत्या ऐकतायत.

“ऐकलं म्हंजे वाचलं,” दादा म्हणाले. “डोळ्यानं काय नि कानानं काय, आत गेल्याशी मतलब.”

त्या बाकड्यावर विमल होती. डोंगराखालच्या एका वाडीतली, तिशी-बत्तिशीची, दहावीपर्यंत शिकलेली. त्या दिवशी तिचं भात लवकर भरडून झालं आणि गोष्ट राहिली अर्धी. पुढे काय झालं हे तिला सहन होईना. पुढच्याच आठवड्यात ती कर्जतला आली, आमच्याकडे सभासद झाली आणि तेच पुस्तक घेऊन गेली. दोन दिवसांत परत हजर. पुस्तक माझ्यापुढे ठेवून, जरा रागातच, म्हणाली, “बाई, तुमी चुकीचं पुस्तक दिलंत. ह्याच्यात सगळी मानसं तुमच्यावानी बोलतात.”

मी मोठ्यांदा हसले. मग तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हसू जागच्या जागी विरलं. गेली किती वर्षं त्या बाकड्यावरच्या बायकांना वाटत होतं की शाळेबाहेरची पुस्तकं आपल्याच बोलीत लिहिलेली असतात, आपल्यासाठीच लिहिलेली असतात. आणि माझ्या वाचनालयात आल्यावर तिला पहिल्यांदा कळलं की तसं नाही. मला लाज वाटली. कसली, ते नीट सांगता येणार नाही, पण वाटली.

बुधवारी मी हे दादांना सांगितलं. ते हसले नाहीत. खुर्चीवर बसले, चष्म्याची सुतळी बोटाला गुंडाळत राहिले. मग विमलला इस्त्रीच्या कपड्यांची गोष्ट त्यांनी स्वतः जाऊन सांगितली. तिने ते पुस्तक पुन्हा नेलं, या वेळी पूर्ण वाचलं, आणि नंतर दर पंधरा दिवसांनी येत राहिली. नियम मोडून सांगायचं तर माझ्या लाडक्या सभासदांत तिचा नंबर फार वरचा आहे.

मग एक बैठक झाली. आमच्या कार्यकारिणीने ठरवलं की मुलांना स्पर्धापरीक्षांच्या अभ्यासाला जागा हवी, त्यासाठी सातव्या कपाटाची भिंत मोकळी करायची. दहा वर्षांत जे पुस्तक एकदाही बाहेर गेलेलं नाही ते रद्दीत जाईल. निर्णयात वाईट काही नव्हतं. मुलं खरोखरच पायऱ्यांवर बसून अभ्यास करत होती. गुढीपाडव्यानंतरच्या वार्षिक सभेत यादी मंजूर होणार होती. तेव्हा गणपती नुकतेच झालेले. मी कपाट मोजलं. दादांनी इतकी वर्षं वाचूनही एकही शिक्का नसलेली बासष्ट पुस्तकं शिल्लक होती.

दादांना सांगितलं तेव्हा त्यांनी कपाटाकडे असं पाहिलं की जणू कुणी पाहुण्यांना घराबाहेर काढायला निघालंय. ते पाहून मी आयुष्यात केला नव्हता असा विचार केला. दार लोटून घेतलं आणि हळूच म्हटलं, दादा, शिक्का माझ्या खणात आहे, तारीख बदलता येते, तुमच्या नावावर बासष्ट शिक्के मारायला मला अर्धा तास लागेल. कुणाला कळणार नाही.

“नाय बाई,” ते म्हणाले. “न वाचता शिक्का म्हंजे खोटी सही. त्या लिवनाराला काय तोंड दाखवू?”

म्हणजे वाचायचं. बासष्ट. पाडव्याच्या आत. त्यातच दिवाळीनंतर हंगाम, गिरणीला श्वास घ्यायला फुरसत नाही. पण दादांनी ते अंगावर घेतलं. नेहमीची दोन पुस्तकं बुधवारी यायची, पण आता मधल्या शनिवारी मुलाच्या हातून अजून दोन बदलून न्यायचे. मधमाशा पाळण्याचं, पडक्या देवळांचं, एका विसरलेल्या नटाचं, प्रवचनांचे तीन खंड. नाटक असलं तर म्हणे गिरणीत चार आवाज काढून वाचायचे आणि खलनायकाच्या वेळी हिराआजी उठून बाहेर जाऊन बसायच्या. प्रवचनांच्या पहिल्या खंडातली चिठ्ठी : ‘पुढच्याला : एका दमात वाचू नका. झोप येते. पन महाराज मनानं चांगले.’ प्रत्येक पुस्तक परत आलं की मी कपाटातल्या यादीवर खूण करायची. माझ्या खुणा वाढत चालल्या आणि माझा ताठाही. कार्यकारिणीतले लोक भेटले की मी उगीचच मान वर करून चालायची.

तेव्हाच एक गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मला दिसली नाही. चिठ्ठ्यांतलं अक्षर मोठं होत चाललं होतं. एका ओळीत जेमतेम दोन-तीन शब्द मावायला लागले. मला वाटलं, घाईत लिहितायत.

माघातल्या एका बुधवारी दादा मुलाचा हात धरून आले. पिशवीतून दोन पुस्तकं काढली. एकात काडी निम्म्यावर होती, दुसऱ्यात पहिल्याच पानावर. डोळ्यात काचबिंदू निघाला होता. डॉक्टर म्हणाले होते की गेलेली नजर परत यायची नाही, उरलेली तेवढी सांभाळायची, आणि छापलेलं अक्षर त्या उरलेल्या नजरेत बसत नव्हतं. हे सगळं मुलाने सांगितलं. दादा स्वतः एवढंच बोलले की एकशे बारा पानांपर्यंत झालं आहे, पुढचं झालेलं नाही, तेव्हा पुस्तक नेताना मारलेले ते दोन्ही शिक्के खोडा.

मी विनवलं. एकशे बारा पानं म्हणजे कमी का, असं म्हटलं. ते ऐकेनात. शेवटी लाल पेनाने मी त्या दोन्ही तारखांवर रेघ मारली. तीस वर्षांत मारलेला शिक्का मी कधी खोडला नव्हता. यादीत पुन्हा अकरा पुस्तकं उरली. दादा जाताना सातव्या कपाटाकडे गेले नाहीत. त्या दिवशी मी घरी जाऊन रडले, आणि रडण्यासारखं काय झालं हे घरात कुणालाही पटवून देता आलं नाही.

पुढच्या बुधवारी विमल आली. आली ती थेट टेबलाशी, आणि ती अकरा पुस्तकं मागितली. मी म्हटलं, तू वाचणार? तर म्हणाली, दादांना वाचून दाखवणार. मग दादा काय म्हणाले हे तिने सांगितलं. आधी ते साफ नाही म्हणाले होते. दुसऱ्याच्या डोळ्यांनी वाचलेलं आपलं नसतं, त्यावर आपल्या नावाचा शिक्का चालणार नाही, असं त्यांनी तिला ऐकवलं होतं.

“मी बोलले, दादा, मंग आमी इतकी वर्षं बाकड्यावर बसून काय केलं?” विमल म्हणाली. “तुमीच बोलायचे ना, ऐकलं म्हंजे वाचलं. ते खोटं व्हतं का? मंग तयार झाले.”

माझ्या हातात किल्ली होती, ती मी तिच्या समोरच कपाटाला लावली. दादांनी एकच अट घातली होती : या वेळी आधी वाचन आणि मग शिक्का. तेव्हा मी पुस्तकं नुसती वहीत नोंदवायची आणि वाचून परत आली की तारीख मारायची. विमल सकाळी घरचं आवरून गिरणीत जायची आणि दुपारपर्यंत वाचायची. एकेक करून पुस्तकं परत येऊ लागली. कोंडा तसाच. चिठ्ठी तशीच, फक्त अक्षर आता विमलचं, गोल आणि जपून काढलेलं.

सभा रविवारी होती. शनिवारी सकाळपर्यंत दहा पुस्तकं आली होती आणि अकरावं गिरणीतच होतं. मी खण उघडला, तारखेचा शिक्का आणि शाईचा डबा रुमालात बांधून पर्समध्ये टाकला आणि कशेळ्याच्या जीपमध्ये बसले. वाचनालयाचा शिक्का वाचनालयाबाहेर नेऊ नये, हा नियम मीच लिहून भिंतीवर लावलेला आहे.

गिरण चालू होती. विमल तिवईपाशी उभी राहून वाचत होती आणि दादा पोत्यांच्या थप्पीला टेकून बसले होते, मान जराशी वर केलेली. पुस्तक होतं दीपगृहावर जन्म काढलेल्या एका माणसाच्या आठवणींचं. मला दारात पाहून विमल बिचकली. आवाज जपून, एकेक अक्षर छापल्याबरहुकूम उच्चारत वाचायला लागली. ‘येथे आहे’, ‘तेथे नाही’, शाळेत तपासनीस आल्यावर वाचतात तसं. दादांच्या कपाळाला आठी पडली.

“मानसासारखं वाच गं, विमल,” ते म्हणाले. “बाईंनला सवय हाय आता.”

विमल हसली, पदर खोचला आणि आवाज मोकळा सोडला. दीपगृहावरचा तो म्हातारा शेवटच्या दिवशी किल्ल्या नव्या माणसाच्या हातात देतो आणि पायऱ्या मोजत खाली उतरतो. तो ‘माझं काय नाय आता हितं’ असं म्हणाला तेव्हा बाकड्यावरच्या एका बाईने डोळ्यांना पदर लावला. शेवटच्या पानावर गिरणीचा आवाज पातळ झाला. दादांनी न बघता हात वर केला. मुलाने पुढचं पोतं ओतलं नाही, बटणच बंद केलं. शेवटचं वाक्य सगळ्यांनी शांततेत ऐकलं.

मी रुमाल सोडला आणि विचारलं, नाव कुणाचं लिहू? दादा म्हणाले विमलचं, विमल म्हणाली दादांचं. मी शिक्का हातात घेऊन वाट बघत राहिले. हिराआजी म्हणाल्या, दोघांचं लिहा की, वहीत जागा कमी पडते का? मी दोघांचं लिहिलं. मग शिक्का पोत्यावर ठेवलेल्या पुस्तकावर मारला आणि तो जरा तिरका बसला. दादांनी बोटांनी ती ओली शाई चाचपली, काळं झालेलं बोट डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं आणि मान हलवली. मी निघाले तेव्हा ते विमलला जवळ बोलावून चिठ्ठी सांगत होते. गिरण पुन्हा सुरू झाली होती, मला त्यातला एक शब्दही ऐकू आला नाही. दादांना मी शेवटचं पाहिलं ते तेव्हाच, ओठ हलतायत, विमल कान पुढे करून लिहितेय आणि दोघांच्या डोक्यावर कोंडा उडतोय.

सभेत अध्यक्षांनी यादी मागितली. मी म्हटलं, यादी नाही, रद्दीत द्यायला एकही पुस्तक उरलेलं नाही. कुणीतरी म्हणालं की एकाच माणसाने इतकी पुस्तकं नेलेली दिसतात, यात काही तरी चलाखी आहे. मी सातव्या कपाटाच्या पहिल्या खणातली सगळी पुस्तकं टेबलावर आणून ठेवली. अध्यक्षांनी एक पुस्तक उघडलं, चिठ्ठी पडली. दुसरं उघडलं, दुसरी पडली. मग सगळेच उघडायला लागले. चहा निवून गेला तरी कुणी मान वर केली नाही, आणि चलाखी म्हणणारे गृहस्थ ‘रुसका जावई’ घरी घेऊन गेले. इतका अभिमान मला माझ्या स्वतःच्या कुठल्या कामाचा कधी वाटलेला नाही. सातवं कपाट आता दाराच्या मागे आहे, अभ्यासाची टेबलं त्याला खेटून आहेत, आणि दोन्ही गोष्टी मावतात.

पावसाळ्याआधी गिरण भाड्याने गेली. मुलाला मोहोपाड्याला कारखान्यात नोकरी लागली आणि तो दादांना कारखान्याच्या वसाहतीत घेऊन गेला. विमल महिन्यातून एकदा तिकडे जाते, पिशवीत दोन पुस्तकं घालून. वसाहतीत फार शांत आहे, तिथे मोठ्यानं वाचलं की शेजारी खिडक्या उघडतात, आणि मग बंद करत नाहीत, असं ती सांगते.

परवा जे पुस्तक मी उघडलं ते दीपगृहाचं. तिरका शिक्का, शेजारी शाईचा बोटाचा ठसा. चिठ्ठी विमलच्या गोल अक्षरात होती, आणि मी ती आजवर वाचली नव्हती. ‘पुढच्याला : ह्ये पुस्तक मोठ्यानं वाचा. बाकड्यावर कोनतरी असंल.’

वाचनालयात तेव्हा अभ्यासाची मुलं-मुली माना खाली घालून बसली होती आणि वर्तमानपत्रापाशी दोन म्हातारे होते. समोर माझ्याच हाताने लावलेली ‘शांतता राखा’ची पाटी. मी उभी राहिले, पहिलं पान काढलं आणि घसा साफ केला. पहिल्याच वाक्यात ‘आहे’ होतं. मी ‘हाय’ वाचलं.